माणूस एक सांगतो, डोळे दुसरं

शस्त्रक्रिया झाली की साधारण तीन आठवडे थांबावं लागतं. कानामागची जखम भरते, सूज उतरते, आणि मग ठरलेल्या दिवशी आत बसवलेलं यंत्र पहिल्यांदा चालू करायचं. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात असं इम्प्लांट घडवणाऱ्या गटात इंजिनिअर आहे. कॉक्लिअर इम्प्लांट आता आपल्याकडे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. आमचं त्याच तंत्रावर उभं आहे, पण ते ऐकण्यासाठी नाही, गेलेला तोल परत मिळावा म्हणून आहे. ते बाजारात मिळत नाही, अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे, आणि ते कानात घेऊन वावरणारी माणसं जगभरात अगदी मोजकी आहेत. त्यांतल्या एकांचं यंत्र चालू केलं त्या दिवशी जे पाहिलं ते लिहून ठेवावं असं फार दिवस वाटत होतं.

त्यांना इथे वॉल्टर म्हणते. नाव बदललं आहे, आणि ओळख पटेल असं बाकीही काही लिहीत नाही. या माणसाने आयुष्यभर लोकांच्या घरांची छपरं शाकारली. उतरत्या छपरावर, खांद्यावर सामान घेऊन, दोरी न धरता चालणारा माणूस. मग हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला आणि काही आठवडे शिरेतून जेंटामायसिन द्यावं लागलं. औषधाने जीव वाचवला, यात शंका नाही. खाटेवर पडून असेपर्यंत त्यांना दुसरं काही जाणवलंही नाही. उठून उभे राहिले तेव्हा मात्र पायाखाली जमीन असल्याची खात्री वाटेना, आणि चालायला लागले की पाऊल पडेल तसा समोरचा सगळा कॉरिडॉर वर-खाली उसळायला लागला. अशक्तपणा आहे, महिनाभरात जाईल, असं त्यांना सांगण्यात आलं. महिने गेले, कॉरिडॉर उसळायचा थांबला नाही.

जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही औषधं अंतर्कर्णातल्या केसपेशी, म्हणजे केसासारखे तंतू असलेल्या आणि हालचाल टिपणाऱ्या पेशी, मारू शकतात, आणि त्यांचा रोख ऐकण्याच्या पेशींपेक्षा तोलाच्या पेशींवर जास्त असतो. ऐकू नीट येत राहतं, त्यामुळे बिघाड कानात आहे अशी शंकाच कुणाला येत नाही. या पेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा कामापुरत्याही उगवत नाहीत. त्यांच्यामागची नस मात्र बहुतेक वेळा जिवंत राहते. आमचं सगळं काम त्या मागे राहिलेल्या नसेच्या भरवशावर चालतं.

वॉल्टर यांचं नेमकं काय गेलं होतं ते कळायचं असेल तर एक करून पाहा. हे फोनवर वाचत असाल तर फोन हातात स्थिर धरा आणि ‘नाही नाही’ म्हणताना हलवतो तसं डोकं भराभर हलवा. अक्षरं वाचता येतात. आता डोकं स्थिर ठेवा आणि फोन त्याच वेगाने डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं पुसून जातात. दोन्हीकडे हालचाल तेवढीच, पण पहिल्या वेळी कान मदतीला होता. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी जवळजवळ काटकोनात. डोकं वळलं की आतला द्रव मागे रेंगाळतो, नलिकेच्या फुगीर भागातला जेलीसारखा पडदा वाकतो, त्यात रुतलेल्या केसपेशी वाकतात, आणि नसेतल्या ठोक्यांचा वेग बदलतो. तिथून डोळ्याच्या स्नायूपर्यंत अवघ्या तीन चेतापेशींची साखळी आहे. त्यामुळे डोकं उजवीकडे वळल्यापासून दहा मिलिसेकंदांच्या आत डोळे तेवढ्याच वेगाने डावीकडे फिरू लागतात आणि समोरचं जग जागच्या जागी राहतं. नजरेला एकटीला हेच काम सांगितलं तर तिला शंभर मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. दोन्ही कानांतून हा आधार गेला की माणसाला चालता चालता दुकानाची पाटी वाचता येत नाही, समोरून येणारा चेहरा ओळखता येत नाही, त्यासाठी थांबावं लागतं. १९५२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका डॉक्टरने स्वतःवरच गुदरलेला हा प्रसंग लिहिला होता. स्ट्रेप्टोमायसिनने त्याचा तोल गेला होता आणि नाडीच्या ठोक्याने डोकं हलतं तेवढ्यानेही पुस्तकातली अक्षरं नाचत. वाचण्यासाठी तो पलंगाच्या गजांत डोकं अडकवून ठेवत असे. आमच्या गटात नवा विद्यार्थी आला की मी त्याला पहिल्यांदा तो लेख वाचायला देते, नंतर सर्किटं दाखवते.

वॉल्टर पहिल्यांदा आले तेव्हाची तपासणी मला चांगली आठवते. हॅल्मागी आणि कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये सांगितलेली ही तपासणी इतकी साधी आहे की तिला यंत्र लागत नाही. रुग्णाने तपासणाऱ्याच्या नाकाकडे बघत राहायचं, आणि तपासणाऱ्याने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून अचानक, पण अगदी थोडंसं, एका बाजूला झटकन वळवायचं. कान धड असेल तर नजर नाकावरून हलत नाही. वॉल्टर यांचे डोळे डोक्याबरोबर वाहत गेले आणि मग उडी मारून परत नाकावर आले. दोन्ही बाजूंना तेच. मापन करणारा चष्मा लावून आकडा काढला. डोळ्याचा वेग भागिले डोक्याचा वेग, हा निरोगी माणसात १ च्या जवळ असतो. त्यांचा ०.१ सुद्धा भरला नाही.

इम्प्लांट एकाच कानात बसवतात. कुठल्या कानात, हा निर्णय हलका नसतो. आतल्या नलिका उघडून त्यांत इलेक्ट्रोड सरकवायचे म्हणजे शेजारीच असलेल्या ऐकण्याच्या भागाला धक्का लागू शकतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. चार्ल्स डेला सँटिना यांच्या गटाने २०१६ पासून रुग्णांमध्ये हे इम्प्लांट बसवलं आणि २०२१ मध्ये पहिल्या आठ जणांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मऊ फोमवर डोळे मिटून उभं राहण्याचा काळ सहा महिन्यांनी मध्यकाने, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याने, ३.६ सेकंदांवरून ८.३ सेकंदांवर गेला, चालण्याच्या चाचणीचे गुण २४ पैकी १२.५ वरून २०.५ वर गेले. पण त्याच निबंधात हेही स्वच्छ लिहिलं आहे की एकाचा अपवाद सोडला तर सगळ्यांचंच इम्प्लांटच्या कानाचं ऐकणं कमी झालं. वॉल्टर यांना आमच्या सर्जननी हे आधीच, दोन वेगळ्या भेटींत, पत्नीसमोर सांगितलं होतं. त्यांनी उजवा कान निवडला. खिळे ठोकण्याच्या बंदुकीच्या आवाजाने त्या कानाचं ऐकणं आधीच थोडं गेलं होतं.

त्या सकाळी बर्फ पडून थिजलेलं होतं. दोन्ही कानांतला तोल गेलेल्या माणसासाठी असा दिवस फार वाईट, कारण त्याचा तोल डोळ्यांवर आणि पायांच्या तळव्यांवर चालतो, आणि बर्फावर तळवे खोटं सांगतात. पार्किंगपासून दारापर्यंतचं अंतर वॉल्टर यांनी पत्नीचा दंड घट्ट धरून, नजर जमिनीवर खिळवून कापलं. आत येईपर्यंत ते घामाघूम झाले होते.

खोली अंधारी केली. डोळ्यांवर इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा चष्मा, कानामागे चुंबकाने चिकटणारी डबी, तिच्यातून कमरेच्या पट्ट्यावरच्या बॅटरीपर्यंत वायर. डबीत जायरोस्कोप असतात, डोकं तिन्ही दिशांना किती वेगाने वळतंय ते मोजणारे. आमच्या ऑडिओलॉजिस्ट त्यांच्याशेजारी बसल्या, मी संगणकावर. आधी प्रत्येक इलेक्ट्रोड एकेक करून तपासायचा. थोडा प्रवाह, डोळे बघायचे, आणखी थोडा प्रवाह, पुन्हा डोळे बघायचे. विजेने एका नलिकेची नस चेतवली की डोळे त्याच नलिकेच्या पातळीत फिरतात, हे बर्नार्ड कोहेन आणि जुन-इची सुझुकी यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांमध्ये दाखवून दिलं होतं. आमचा सगळा नकाशा त्यावर बेतलेला आहे. डोळा कुठे जातो ते पाहून इलेक्ट्रोड कुठे पोचलाय ते ओळखायचं.

आडव्या नलिकेचा इलेक्ट्रोड उत्तम निघाला. थोड्याच प्रवाहाला डोळे सरळ रेषेत डावीकडे सरकले. पुढच्या नलिकेचाही बरा. मागच्या नलिकेपाशी मात्र अडचण आली. प्रवाह वाढवला तशी वॉल्टर यांची उजवी पापणी फडफडू लागली. चेहऱ्याची नस तिथून काही मिलिमीटरवरून जाते, आणि वीज हाडांतल्या द्रवातून वाट मिळेल तिकडे पसरते. तो इलेक्ट्रोड सोडून त्याच नलिकेतला दुसरा घेतला. तिथे पापणी शांत राहिली, पण डोळे अपेक्षित पातळीत न फिरता तिरके गेले, कारण शेजारच्या नलिकेची नसही थोडी चेतत होती. यावर उपाय गणिताचा आहे. प्रत्येक इलेक्ट्रोड डोळ्यांना प्रत्यक्षात कुठल्या अक्षाभोवती फिरवतो हे मोजायचं, तिन्हींचा मिळून मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, मांडायचा, तो उलटायचा, आणि डोक्याच्या हालचालीची मापं त्यातून गाळून मगच इलेक्ट्रोडना पाठवायची. मग एका इलेक्ट्रोडची चूक दुसरे दोघे भरून काढतात. हे काम माझं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मॅट्रिक्सचा व्यस्त काढायला शिकले तेव्हा त्याचा कुणाच्या चालण्याशी संबंध येईल असं मनातही नव्हतं. त्या दिवशी तो व्यस्त पडद्यावर आला आणि पुढच्याच चाचणीत डोळे हवे तिथे वळले, तेव्हा मला शब्दांत न मावणारा आनंद झाला.

दुपारी खरा टप्पा सुरू झाला. निरोगी नस डोकं स्थिर असतानाही स्वस्थ नसते. माकडांवरच्या नोंदींत ती सेकंदाला सुमारे ९० ठोके देत असते. म्हणूनच वळण्याची दिशा कळते. त्या कानाकडे वळलं की ठोके वाढतात, दुसरीकडे वळलं की कमी होतात. इम्प्लांटलाही आधी हा मूळचा ठोका द्यावा लागतो, संथ, एकसारखा, डोक्याच्या हालचालीशी काही संबंध नसलेला. तो सुरू केला की मेंदूला वाटतं आपण अखंड उजवीकडे फिरतोय. वॉल्टर यांचे डोळे हळूहळू डावीकडे वाहून झटक्याने उजवीकडे येऊ लागले, ते पांढरेफटक पडले, ऑडिओलॉजिस्टनी भांडं पुढे धरलं. हे अपेक्षितच होतं. मेंदू त्या ठोक्याला सरावतो. जिनिव्हाच्या गटाला, ज्यांनी २००७ मध्ये माणसात असं पहिलं इम्प्लांट बसवलं, पहिल्यांदा त्याला अर्ध्या तासाच्या आसपास लागल्याचं दिसलं होतं. वॉल्टर यांचे डोळेही हळूहळू निवले. त्यांनी पाणी मागितलं.

चष्मा काढला, दिवे लावले. वॉल्टर उठून उभे राहिले, आणि म्हणाले, जमीन परत आली.

त्यांनी ते दोनदा सांगितलं. मग कॉरिडॉरमध्ये चालून दाखवलं, हात न धरता. खांदे सैल होते, मान सैल होती. भिंतीवरचा सूचनाफलक चालता चालता वाचता येतोय असंही म्हणाले. त्यांची पत्नी भिंतीला टेकून रडायला लागली. आमच्या गटातले दोन तरुण विद्यार्थी एकमेकांकडे बघून हसत होते. मला हसता येत नव्हतं, कारण माझ्यासमोरच्या पडद्यावर यंत्र अजून नुसता एकसारखा ठोका देत होतं. जायरोस्कोपची मापं इलेक्ट्रोडकडे जायचा मार्ग मी उघडलाच नव्हता. त्यांचं डोकं कुठे वळतंय याची त्या घटकेला कानातल्या यंत्राला काहीही खबर नव्हती.

यंत्र कुठल्या अवस्थेत आहे ते आम्ही रुग्णाला मुद्दामच सांगत नाही, आणि ते याचसाठी. खुर्चीवर बसवून पुन्हा डोकं झटकून पाहिलं. डोळे डोक्याबरोबर वाहत गेले आणि उडी मारून परत आले, जसे पहिल्या दिवशी आले होते तसेच. आकडा ०.१ च्या खाली.

मग मी मार्ग उघडला. आता डोकं उजवीकडे वळलं की ठोके भराभर वाढणार, डावीकडे वळलं की विरळ होणार. त्यांना काही सांगितलं नाही. ऑडिओलॉजिस्टनी डोकं उजवीकडे झटकलं, आणि पडद्यावर डोळ्याची रेघ डोक्याच्या रेघेबरोबर उठली. पूर्ण उंचीपर्यंत नाही, तिसऱ्या हिश्शापर्यंत. पण उठली, आणि वेळेवर उठली. मेल्या पेशींच्या जागी बसवलेल्या धातूच्या तीन टोकांमधून निघालेला संदेश मेंदूच्या देठातून फिरून डोळ्याच्या स्नायूपर्यंत गेला होता. डावीकडच्या झटक्याला उत्तर कमी मिळालं. एकाच कानात इम्प्लांट असलं की तसंच होतं, कारण ठोके वाढवायला वर भरपूर जागा असते, पण कमी करून करून शून्याच्या खाली जाता येत नाही.

वॉल्टर यांना विचारलं, आता कसं वाटतंय? ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, मघासारखंच, थोडं थकल्यासारखं. वेगळं असं काही नाही.

म्हणजे काहीच बदललं नव्हतं तेव्हा माणूस म्हणत होता जमीन परत आली, आणि जे गेली कित्येक वर्षं त्याच्या शरीरात नव्हतं ते परत आलं तेव्हा म्हणत होता काही वेगळं नाही. या क्षेत्रात इतकी वर्षं काढूनही हे दोन्ही एकाच दुपारी, एकाच माणसात, इतकं लख्ख मी कधी पाहिलं नव्हतं.

वॉल्टर खोटं बोलत नव्हते, हे मला ठामपणे सांगायचं आहे. शस्त्रक्रियेची भीती, तीन आठवड्यांची वाट, मळमळ, आणि मग ती थांबल्याचा दिलासा, यातून आलेला विश्वास खांदे सैल करतो, आणि खांदे सैल झाले की चालणं खरंच सुधारतं. एकसारख्या ठोक्याचाही शरीराला थोडा उपयोग होत असेल, हे मी नाकारत नाही. पण म्हणूनच बाल्टिमोरच्या अभ्यासातही अशी संबंध तोडलेली अवस्था ठेवून तुलना केली होती. आशेने येणारं बळ पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त असतं आणि पुढे ओसरतं. कानातून येणारा संदेश उलट पहिल्या दिवशी कच्चा असतो, आणि मेंदू तो आठवड्या-महिन्यांनी वापरायला शिकतो. पहिल्या दिवसाच्या शब्दांवर विसंबून आम्ही यंत्राची मापं ठरवली असती, तर नुसत्या ठोक्याचं यंत्र देऊन त्यांना घरी पाठवलं असतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. रुग्ण जे सांगतो ते ऐकायचं, जसंच्या तसं लिहून घ्यायचं, आणि त्याच वेळी त्याचे डोळे काय सांगतात तेही लिहायचं. दोन्ही त्याचंच म्हणणं आहे.

सत्र संपल्यावर नियमाप्रमाणे त्यांना सगळं सांगायचं होतं. ते काम सर्जन करतात, पण त्यांनी आलेख दाखवायला मला बोलावलं. मला धाकधूक होती. ज्या माणसाने मघाशी कॉरिडॉरमध्ये हात सोडून चालून दाखवलं, त्याला तेव्हा यंत्राला तुझी हालचाल कळतच नव्हती हे कसं सांगायचं? वॉल्टर यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून घेतले, चष्मा लावला, आणि मोजमापाची सवय असलेला कारागीर बघतो तसं बराच वेळ बघितलं. सपाट रेघेवर बोट ठेवून म्हणाले, हा मी स्वतःला सांगत होतो तो. आणि उठलेल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, हा खराखुरा. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो इतक्या जणांत मला पहिल्यांदाच कुणी विचारला. म्हणाले, हे मला ओळंबा देणार का?

छपराच्या कामात सरळ उभं काय आहे ते ओळंब्याने ठरतं, आणि त्यांना छपरावर असताना तो ओळंबा अंगातच जाणवायचा. मी त्यांना खरं ते सांगितलं. नलिका वळणं सांगतात. सरळ खाली कुठे आहे ते सांगणारं इंद्रिय दुसरं, नलिकांच्या शेजारचे ऑटोलिथचे दोन अवयव. त्यांत केसपेशींवर कॅल्शियमचे बारीक खडे असतात आणि गुरुत्वाने ते सरकले की कलल्याचं कळतं. आमचं इम्प्लांट त्यांना हात लावत नाही. कारण प्रत्येक नलिकेतल्या पेशी एकाच दिशेला तोंड करून असतात, त्यामुळे एका इलेक्ट्रोडने एक दिशा सांगता येते. ऑटोलिथमध्ये पेशी सगळ्या दिशांना वळलेल्या असतात, एकदम सगळ्या चेतवल्या तर मेंदूला काय अर्थ लागणार हे सांगणं कठीण. स्पेनमध्ये, लास पाल्मासला, डॉ. आंखेल रामोस यांचा गट नेमकं त्याच अवयवांच्या मागे लागला आहे. तोवर आमच्या यंत्राने छपरावर चढता येणार नाही. पायऱ्या, फुटपाथ, दुकानातल्या फळ्यांमधून मान वळवत चालणं, एवढ्यासाठी ते आहे.

वॉल्टर म्हणाले, छपराचा हिशोब त्यांनी केव्हाच संपवला आहे, नातवाबरोबर सिनेमाच्या अंधारातून खुर्चीपर्यंत जाता आलं तर पुरे. ते त्यांनी हसून सांगितलं, पण पत्नीने मान वळवली.

घरी जाण्याआधी सूचना दिल्या. यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायचं, झोपेतही. बॅटरी बदलताना ठोका थांबतो आणि मेंदूला उलट्या दिशेने फिरल्यासारखं वाटू शकतं, म्हणून ती बसूनच बदलायची. घरात रात्री दिवा ठेवायचा. आणि यंत्र आहे म्हणून पोहायला जायचं नाही, कारण पाण्यात तळव्यांखाली जमीन नसते, पाणी गढूळ असलं की डोळेही निरुपयोगी, आणि ऑटोलिथ गेलेल्या माणसाला वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही.

त्या रात्री मी मुंबईला मनीषाताईंना फोन केला. त्या ऑडिओलॉजिस्ट आहेत, मी शिकत असताना त्यांच्या विभागात काही महिने काढले होते, आणि कामातलं महत्त्वाचं काही घडलं की त्यांना सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ऐकणं जातं म्हणतेस ना त्या कानाचं? मग अगं, माझ्याकडे ज्यांचं ऐकणं आधीच गेलंय त्यांचं काय?”

त्यांच्याकडे क्षयरोगाची इंजेक्शनं घेतलेले रुग्ण वर्षानुवर्षं येतात. पूर्वी क्षय उलटला की दोन महिने स्ट्रेप्टोमायसिन देत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात कॅनामायसिन आणि अमिकासिन महिनोन् महिने दिलं जाई, आणि या दोन औषधांनी ऐकणं जास्त जातं. आता गोळ्यांवरच भागणारे उपचार आल्याने ती इंजेक्शनं पुष्कळ कमी झाली आहेत, पण आधीचे रुग्ण आहेतच. ज्यांचं ऐकणं आणि तोल दोन्ही गेले त्यांना आमच्या यंत्राची किंमत मोजावीच लागत नाही, कारण गमावण्यासारखं त्या कानात काही उरलेलं नसतं. जिनिव्हाच्या गटाने सुरुवातीला नेमक्या अशाच, बहिऱ्या कानांत, ऐकण्याचे आणि तोलाचे इलेक्ट्रोड एकत्र असलेलं यंत्र बसवलं होतं. ताईंचा प्रश्न अचूक होता. हे तंत्र जगात सगळ्यांत जास्त ज्यांच्या उपयोगी पडेल त्यांतले कितीतरी जण आपल्या क्षयरोग दवाखान्यांच्या जुन्या नोंदवह्यांत आहेत. मला मात्र त्यांना सांगावं लागलं, की हे यंत्र आज त्यांच्यापर्यंत पोचवण्याचा रस्ता माझ्या हातात नाही. आज त्यांच्यासाठी आहेत ते नजर स्थिर ठेवण्याचे व्यायाम, काठी, रात्रीचा दिवा आणि पाण्यापासून लांब राहणं.

“बरं, ते राहू दे,” ताई म्हणाल्या. “डोकं झटकून बघायची ती तपासणी, तिला तर काही लागत नाही ना?”

नाही लागत. दोन हात आणि एक नाक पुरतं. मान दुखावलेली नसावी एवढी काळजी घ्यायची. जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन चालू असलेला रुग्ण खाटेवर पडून ‘अशक्त वाटतंय’ म्हणतो तेव्हा नुसतं त्याचं ऐकणं तपासून भागत नाही, ते शाबूत असू शकतं. त्याचे डोळे डोक्याबरोबर वाहून उडी मारताहेत का ते बघावं लागतं. वेळीच दिसलं तर औषध बदलण्याचा, निदान डोस पुन्हा तपासण्याचा, विचार तरी होतो. वॉल्टर यांच्या खाटेपाशी ते कुणी केलं नव्हतं.

ताईंना वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांसाठी मराठीतून पाच मिनिटांची चित्रफीत हवी होती, कसं धरायचं, किती वळवायचं, काय बघायचं एवढंच दाखवणारी. ती मी करून पाठवली. तीत दोन आलेख आहेत, एक सपाट आणि एक उठलेला, त्यावर कुणाचंही नाव नाही. वॉल्टर यांच्याकडे मी परवानगीचा कागद घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो सही करण्याआधी पूर्ण वाचला, आणि तिकडच्या डॉक्टरांना आधी सपाट रेघ दाखव, असं बजावलं. चित्रफितीत तीच आधी आहे.